जॉन राजाची सनद बघायला: रनीमीड ते लिंकन

शनिवार, रनीमीड

ताई स्लाऊला राहते. तिच्या घरापासून रनीमीड गाडीने वीसेक मिनिटांवर, तरी इतक्या वर्षांत तिचं तिकडे जाणं झालं नव्हतं. मी नागपूरला कोर्टात प्रॅक्टिस करते, संविधानाचं कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या अर्जात लिहावं लागतं, त्यामुळे इंग्लंडला जायचं ठरल्यावर ताईला आधीच सांगून ठेवलं होतं की लंडन आय वगैरे नंतर बघू, पहिल्यांदा मला ते कुरण दाखव जिथे १५ जून १२१५ ला इंग्लंडच्या जॉन राजाला मॅग्ना कार्टा, म्हणजे सरदारांनी मागितलेली हक्कांची सनद, मान्य करावी लागली. भाऊजी म्हणाले, "अगं तिथे काहीच नाहीये, नुसतं गवत आहे."

गवत आहे हे खरं. एका बाजूला थेम्स, दुसऱ्या बाजूला कूपर्स हिलचा चढ, मध्ये सपाट ओलसर कुरण, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने हीथ्रोची विमानं इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. पण जागा बघितल्यावरच कळतं की हीच का निवडली. राजा होता विंडसरच्या किल्ल्यात, बंडखोर सरदार स्टेन्सला, आणि हे कुरण बरोब्बर मधे, जमीन अशी पाणथळ की कुठल्याही बाजूला घोडदळ घेऊन झडप घालता येऊ नये. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली माणसं भेटायला अशीच जागा शोधणार.

आता थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण ती नसेल तर बाकी सगळं हवेत राहतं. शाळेत आपण शिकलो की जुलमी राजाविरुद्ध प्रजा उठली आणि स्वातंत्र्याची सनद मिळवली. प्रत्यक्षात भांडण पैशाचं होतं आणि मला वाटतं त्यात कमीपणा काही नाही, उलट तिथेच सगळी गंमत आहे. जॉनने १२०४ मध्ये नॉर्मंडी घालवली आणि मग ती परत मिळवायच्या नादात दहा वर्षं इंग्लंड पिळून काढलं. लढाईला न येणाऱ्या सरदाराने त्याऐवजी जो कर भरायचा, स्क्युटेज, तो आधीच्या राजांनी अधूनमधून घेतला होता, जॉनने सोळा-सतरा वर्षांत अकरा वेळा घेतला. बाप मेल्यावर मुलाला जहागीर मिळवायला राजाला नजराणा द्यावा लागायचा, त्याला ठरलेला दर नव्हता, म्हणून निकोलस द स्टटव्हिलवर भावाच्या वारशासाठी १०,००० मार्क लावले, म्हणजे सहा हजार पौंडांच्या वर. ऑमालची काउंटेस हावीस, नवरा मेलेला, तिने स्वतःची मालमत्ता मिळावी आणि परत कोणाशी जबरदस्तीने लग्न लावू नये यासाठी राजाला ५,००० मार्क कबूल केले. एवढे पैसे कोणाकडे रोख नसतात, म्हणजे माणूस जन्मभर राजाचा कर्जदार, आणि कर्जदार म्हणजे मुठीत. मग २७ जुलै १२१४ ला फ्रान्समध्ये बूव्हिनला जॉनच्या दोस्तांचा साफ पराभव झाला, सगळा पैसा पाण्यात गेला, आणि परत आल्यावर त्याने पुन्हा स्क्युटेज मागितला. उत्तरेकडच्या सरदारांनी नाही म्हटलं. १७ मे १२१५ ला लंडन शहराने बंडखोरांना दरवाजे उघडले आणि त्यानंतर जॉनकडे बोलणी करण्यावाचून मार्ग उरला नाही.

म्हणून सनदेत तत्त्वज्ञान शोधायला गेलात तर निराश व्हाल, तिथे दर आहेत. कलम २ मध्ये सरळ लिहिलंय की बॅरनच्या वारसाने १०० पौंड द्यायचे, नाइटच्या वारसाने जास्तीत जास्त १०० शिलिंग. कलम ८, कुठल्याही विधवेला लग्नाची सक्ती नाही. कलम १२, राज्याच्या सर्वसंमतीशिवाय स्क्युटेज नाही. कलम २०, दंड गुन्ह्याच्या मानाने असावा आणि कुळाला दंड केला तरी त्याची शेतीची साधनं सोडून. कलम २८, राजाच्या अंमलदाराने धान्य उचललं तर तिथल्या तिथे पैसे चुकते करायचे. कलम ३३, थेम्समधले मासे धरायचे बांध काढा, नावा अडतात. आणि या सगळ्या गर्दीत ते ३९, की कुठल्याही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांनी केलेल्या कायदेशीर निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडता येणार नाही, तुरुंगात टाकता येणार नाही, त्याची मालमत्ता काढून घेता येणार नाही. लगेच ४०, न्याय आम्ही कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. लांबवणार नाही! ज्याचा अशील सात-सात वर्षं तारखांना येतोय अशा कुठल्याही वकिलाला हा शब्द वाचून काय वाटेल ते मी वेगळं सांगत नाही.

कुरणावर मार्क वॉलिंजरची 'रिट इन वॉटर' नावाची गोल इमारत आहे, २०१८ ची. आतल्या गोलात वर आकाश मोकळं आणि मध्ये पाण्याचं कुंड, कुंडाच्या कडेला कलम ३९ ची अक्षरं उलटी कोरलेली, ती पाण्यातल्या प्रतिबिंबात सुलट वाचायची. भाच्याने गोल फिरत फिरत पूर्ण कलम मोठ्याने वाचलं. तिथून पुढे ह्यू लॉकच्या बारा ब्राँझच्या खुर्च्या, 'द ज्युरर्स', २०१५ ला आठशे वर्षं झाली तेव्हा मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पुढूनमागून न्यायाच्या कुठल्या ना कुठल्या लढ्याचं चित्र. त्यातल्या एकीवर कॉर्नेलिया सोराबजी आहे. आपल्या नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची, मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर बाई, आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली बाई. १८९२ ला परीक्षा दिली पण बाई म्हणून वकिलीची सनद मिळायला १९२३ उजाडावं लागलं. तोवर बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडून पडद्यातल्या विधवांच्या इस्टेटी सांभाळायचं काम तिने केलं. तिची राजकीय मतं मला पटत नाहीत, ती शेवटपर्यंत इंग्रजी राज्याच्या बाजूने होती, पण हावीसच्या ५,००० मार्कांपासून या बाईच्या अशिलांपर्यंत सातशे वर्षं एकच प्रश्न चालत आलाय, नवरा मेलेल्या बाईची मिळकत कोणाच्या हातात. खुर्च्यांवर बसायला परवानगी आहे. मी तिच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाही, ताईने शेवटी हाक मारली.

मग अमेरिकन बार असोसिएशनने १९५७ ला बांधलेलं स्मारक. इंग्रजांनी स्वतः इथे फार काही बांधलं नव्हतं, अमेरिकेच्या वकिलांनी बांधलं. त्याच्या आसपास लावलेल्या झाडांत एक ओक आहे, त्याच्या पायाशी दगड, पी. व्ही. नरसिंह रावांच्या नावाचा, मार्च १९९४. स्वातंत्र्य, लोकशाही आणि कायद्याचं राज्य ही मूल्यं भारताच्या लोकांनी आपल्या संविधानात घातली आहेत अशा आशयाचा मजकूर. नरसिंह राव पंतप्रधान व्हायच्या आधी आमच्या रामटेकचे खासदार होते, १९८४ ला आणि १९८९ ला, माझ्या वडिलांनी त्यांच्या सभा ऐकल्यात, त्यामुळे दगडाचा फोटो काढून लगेच घरी पाठवला.

टेकडीवर एअर फोर्सेस मेमोरियलला पण गेलो, वीस हजारांवर बेपत्ता वैमानिकांची आणि हवाई दलातल्या माणसांची नावं, त्यात दुसऱ्या महायुद्धातली भारतीय वंशाची गुप्तहेर नूर इनायत खान हिचं. त्यावर लिहायला बसले तर वेगळंच लिखाण होईल.

एक गोष्ट मात्र संध्याकाळी घरी भाच्याला सांगितली तेव्हा तो चकित झाला, शाळेत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ही १२१५ ची सनद जेमतेम दहा आठवडे टिकली. कलम ६१ मध्ये २५ सरदारांची समिती होती, राजाने शब्द मोडला तर चाळीस दिवसांची मुदत देऊन त्याचे किल्ले नि जमिनी जप्त करायच्या, फक्त राजा-राणी आणि मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही. हे कुठला राजा सहन करणार? जॉनने पोपला लिहिलं (इंग्लंड त्याने १२१३ लाच पोपच्या चरणी वाहून परत जहागीर म्हणून घेतलं होतं, वर्षाला १,००० मार्क देऊन), आणि २४ ऑगस्ट १२१५ ला पोप तिसऱ्या इनोसंटने सनद कायमची रद्दबातल ठरवली. सप्टेंबरपासून यादवी. मग भाच्याने बरोबर प्रश्न विचारला, रद्द झाली तर आज आपण तिचं नाव का घेतो. पुढचे सगळे दिवस मी त्या प्रश्नामागेच फिरले म्हणा ना.

सोमवार, सॉल्झबरी

१२१५ च्या मूळ प्रतींपैकी चार उरल्यात. दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनची, एक सॉल्झबरीची, आणि सगळ्यात चांगल्या अवस्थेतली सॉल्झबरीची. रेडिंगहून ट्रेन बदलत गेले, ताईला ऑफिस होतं म्हणून एकटीच.

कॅथेड्रल भव्य आहे, १२२० ला पाया घातला आणि मुख्य इमारत ३८ वर्षांत उभी, म्हणून सगळी एकाच घडणीची वाटते, मनोरा १२३ मीटर. पण मी सरळ चॅप्टर हाऊसकडे गेले. आत अंधार केलेली छोटी जागा, काचेच्या मागे मंद उजेडात ती सनद. फोटोला मनाई, ते बरंच आहे, लोक बघतात तरी.

मेंढीच्या कातड्याचा एकच ताव. मी मनात काहीतरी मोठ्ठं धरून गेले होते, प्रत्यक्षात वर्तमानपत्राच्या पानाहून फार मोठा नाही. त्यावर साधारण साडेतीन हजार लॅटिन शब्द, अक्षर इतकं बारीक आणि ओळी इतक्या दाटीने की कातडं वाचवायला लिहिणाऱ्याने निम्मे शब्द तोडून वर खुणा केल्यात. कलमांना आकडे नाहीत, परिच्छेद नाहीत, ६३ हा हिशेब नंतरच्या लोकांनी लावलेला. म्हणजे ३९ वं कलम शोधायला गेलात तर सापडत नाही, ते मासे धरायच्या बांधांच्या आणि वाईन-धान्याच्या मापांच्या पुढे त्याच शाईत, त्याच ओळीत चालत येतं. सही पण नाही, राजा सही करायचा नाही, मेणाचा शिक्का लावायचे, आणि या प्रतीचा शिक्का गेलाय, खाली तो अडकवायच्या चिरा तेवढ्या दिसतात. मी काचेला नाक लावून त्या चिरा बघत होते तर तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी आपणहून टॉर्चसारखं बोट फिरवत सुरुवात कुठे, 'योहान्नेस' हे राजाचं नाव कुठे ते दाखवलं.

त्यांनी २०१८ चा किस्सा पण सांगितला, एक माणूस हातोडा घेऊन आला आणि काच फोडायचा प्रयत्न केला, काच तडकली पण सनदेला धक्का लागला नाही.

ही प्रत इथे आली कशी, तर इलायस ऑफ डेरहॅम नावाचा माणूस. आर्चबिशप स्टीफन लँगटनचा कारभारी, रनीमीडला हजर, प्रती वाटायचं काम त्याच्याकडे, आणि पुढे याच कॅथेड्रलच्या बांधकामावर देखरेख. मला या माणसाबद्दल फार आदर वाटला. सरदार भांडले, लँगटनने मध्यस्थी केली, त्यांची नावं इतिहासात आली, पण कोणीतरी बसून नकला करून घेतल्या, घोड्यावर टाकून गावोगावच्या कॅथेड्रलला पोचवल्या म्हणून रद्द झालेला कागद शिल्लक तरी राहिला. राजाच्या अधिकाऱ्यांवर सोडलं असतं तर त्यांनी त्या वाटल्याच नसत्या, कारण सगळी कलमं त्यांच्याच विरुद्ध होती.

बाहेर पडताना विल्यम लाँगस्पीची समाधी, दगडी चिलखतात आडवा. जॉनचा सावत्र भाऊ, रनीमीडला राजाच्या बाजूने, नंतर काही काळ बंडखोरांकडे, परत राजाकडे. त्या काळातली अर्धी माणसं अशीच इकडून तिकडे गेलेली आहेत.

गुरुवार, वूस्टर आणि ईव्हशम

भाऊजींनी सुट्टी काढली आणि सगळे गाडीने निघालो. वूस्टर कॅथेड्रलमध्ये जॉन पुरलाय, अगदी मुख्य वेदीसमोर. यादवी चालू असतानाच आजारी पडून ऑक्टोबर १२१६ मध्ये न्यूअर्कला मेला, दोन संतांच्या मध्ये पुरा असं सांगून ठेवलं होतं. समाधीवरचा पुतळा काळसर दगडाचा, डोक्याशी दोन छोटे बिशप, हातात तलवार आणि पायाशी सिंह, आणि तो सिंह तलवारीचं टोक दातात धरून चावतोय. ताई म्हणाली, "बघ, याची तलवार पण अडवून ठेवलीये." घडवणाऱ्याच्या मनात तसं होतं की नाही देव जाणे, पण मला आवडलं.

इथून पुढचं महत्त्वाचं. राजा मेला तेव्हा वारस हेन्री ९ वर्षांचा. अर्धा देश बंडखोरांकडे, त्यांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, लुईला, बोलावून घेतलेला, लंडन त्याच्या ताब्यात. पोराच्या वतीने कारभार आला विल्यम मार्शलकडे, सत्तरीच्या घरातला म्हातारा सरदार, जो शेवटपर्यंत जॉनशी एकनिष्ठ राहिला होता. त्याने १२ नोव्हेंबर १२१६ ला ब्रिस्टलला काय केलं तर तीच सनद, ज्यासाठी समोरचे लढत होते, ती आपणहून पोराच्या नावाने परत जाहीर केली. २५ सरदारांची समिती काढून टाकली, संमतीशिवाय कर नाही हे कलम पण काढलं, पण बाकी बरंच ठेवलं, आणि शिक्का लावला कोणी तर मार्शलने स्वतः आणि पोपच्या प्रतिनिधीने! ज्या पोपच्या गादीने वर्षापूर्वी ती रद्द केली होती. आता बंडखोरांना लढायला कारणच काय उरलं? माझ्या मते सनदेचा खरा जन्म हा, राजाला धमकावून घेतलेला कागद होता तो राजाच्याच बाजूने स्वीकारलेला झाला.

वूस्टरहून ईव्हशम जवळ आहे, सुंदर छोटं गाव, एव्हन नदी तिन्ही बाजूंनी वळसा घेते, आणि हाच वळसा सिमोन द माँटफर्टचा घात करून गेला. हेन्री मोठा झाल्यावर बापासारखाच पैशाला कायम हपापलेला. त्याच्याच बहिणीचा नवरा सिमोन, त्याने १४ मे १२६४ ला लुईसच्या लढाईत राजाला पकडलं आणि जानेवारी १२६५ ला वेस्टमिन्स्टरला पार्लमेंट बोलावलं, त्यात सरदार-बिशप तर होतेच पण प्रत्येक परगण्यातून नाइट आणि शहरांतून नागरिक. व्यापारी, गावातली प्रतिष्ठित माणसं, राज्याच्या कारभारावर बोलायला. सात महिन्यांनी ४ ऑगस्टला ईव्हशमला राजपुत्र एडवर्डने त्याला नदीच्या वळणात कोंडलं. सिमोनचं डोकं, हात, पाय तोडून वेगवेगळीकडे पाठवले. तिथली अ‍ॅबी, म्हणजे मठ, आज नाही, घंटेचा मनोरा उभा आहे, आणि हिरवळीवर जिथे वेदी होती तिथे १९६५ ला, सातशे वर्षं झाल्यावर, सिमोनच्या स्मरणार्थ बसवलेला दगड.

लोक तिथे फुलं ठेवतात. मी नाही ठेवली. याच सिमोनने लेस्टरमधून ज्यू लोकांना हाकलून दिलं होतं आणि १२६४ ला त्याच्या पक्षाच्या लोकांनी लंडनमध्ये ज्यूंची कत्तल केली, त्यांच्याकडची कर्जाची कागदपत्रं नष्ट केली. राजाची सत्ता आवळायची आणि सगळ्यात दुबळ्या लोकांना तुडवायचं, हे एकच माणूस एकाच वेळी करू शकतो. पार्लमेंटचं श्रेय द्यायचं तर हे पण त्याच वाक्यात लिहायला हवं असं मला वाटतं.

शनिवार-रविवार, लिंकन

गाडीने तीन-साडेतीन तास. 'स्टीप हिल' नावाचा चढ आहे, नाव अगदी सार्थ, चढून गेलं की एकीकडे कॅथेड्रल, समोर किल्ला. २० मे १२१७ ला इथेच विल्यम मार्शलने लुईच्या फौजेचा पराभव केला आणि फ्रान्सच्या राजपुत्राचं इंग्लंडचा राजा व्हायचं स्वप्न मोडलं. पण मार्शल येईपर्यंत किल्ला लढवला कोणी, तर निकोला द ला हे, साठीच्या पुढची विधवा, वंशपरंपरेने किल्लेदार. जॉनने मरायच्या आदल्या दिवशी तिला लिंकनशरची शेरीफ नेमलं होतं. तटावरून गोल चालत जाता येतं, वारा भयंकर, ताईचा स्कार्फ उडता उडता वाचला, आणि खाली शहर बघताना सतत वाटत होतं की ही बाई इथेच उभी राहून खाली शत्रूची यंत्रं बघत असणार. मराठी वाचकाला अशी किल्ला लढवणारी विधवा परकी वाटायचं कारण नाही.

किल्ल्यात २०१५ ला बांधलेलं तळघर आहे, तिथे लिंकनची १२१५ ची प्रत. ही १९३९ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला गेली आणि युद्ध सुरू झाल्यामुळे तिकडेच अडकली, काही वर्षं फोर्ट नॉक्समध्ये अमेरिकेच्या सोन्याशेजारी होती. पण मी इथे आले होते ते तिच्या शेजारच्या कागदासाठी, १२१७ ची 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट', जंगलाची सनद. लढाई जिंकल्यावर त्या नोव्हेंबरात मार्शलने सनद परत एकदा दिली आणि सोबत ही वेगळी काढली. या पहिल्या वर्षाच्या दोनच प्रती उरल्यात, दुसरी डरॅमला.

राजाचं जंगल म्हणजे फक्त झाडं नव्हे, गावंच्या गावं, शेतं, माळरानं 'जंगल' म्हणून जाहीर केलेली, तिथे वेगळा कायदा. हरीण मारलं तर डोळे काढणं, अवयव तोडणं इथपर्यंत शिक्षा. कुत्रा पाळायचा तर त्याच्या पुढच्या पायाची तीन नखं-बोटं तोडून घ्यायची म्हणजे शिकारीमागे पळणार नाही, नाही तोडली तर दंड. १२१७ च्या सनदेने सांगितलं की हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, आधीच्या राजांनी वाढवलेली हद्द मागे घ्या, स्वतंत्र माणूस आपल्या रानात डुकरं चारू शकेल, मध घेऊ शकेल, गिरणी बांधू शकेल, चर खणू शकेल. दोन्हीतली मला ही जास्त जवळची वाटते कारण यात पोटाच्या गोष्टी आहेत. हा कायदा १९७१ पर्यंत तिकडच्या पुस्तकात होता. भाऊजी म्हणाले हे आपल्या मेंढा-लेखासारखं झालं, आणि बरोबरच आहे, गडचिरोलीतल्या त्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ ला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तेव्हा भांडण हेच होतं की बांबू कोणाचा, मोहफूल कोणाचं, वनखात्याचं की गावाचं.

तळघरात मुलांसाठी खूप छान मांडलंय, भाचा बाहेरच येईना.

मंगळवार, लंडन

शेवटचा टप्पा एका दिवसात उरकला, पाय तुटले. सकाळी टेंपल चर्च. जानेवारी १२१५ मध्ये सरदार चिलखत घालून जॉनपुढे आले आणि जुने हक्क लिहून द्या म्हणाले, तेव्हा जॉन इथेच टेंपलमध्ये उतरला होता. गोल चर्चच्या फरशीवर विल्यम मार्शलचा दगडी पुतळा आहे, १९४१ च्या बाँबहल्ल्यात भाजून झिजलेला, चेहरा जवळजवळ पुसलाय. पण आहे. आजूबाजूचा सगळा परिसर वकिलांचा. इनर टेंपल म्हणजे गांधीजी बॅरिस्टर झाले ते, चालत जाण्याच्या अंतरावर लिंकन्स इन जिथून सोराबजी, आणि थोडं वर ग्रेज इन जिथून बाबासाहेब. तिन्ही ठिकाणी बाहेरून का होईना जाऊन आले.

मग वेस्टमिन्स्टर हॉल. वर रिचर्ड दुसऱ्याच्या काळचं प्रचंड लाकडी छत, खाली रिकामा दगडी हॉल, आणि फरशीत पितळी पाटी की चार्ल्स पहिल्यावर १६४९ ला खटला चालला तो इथे. सगळे तिचाच फोटो काढतात. मला मात्र १३ मे १२५३ आठवत होता. हेन्रीला पैसे हवे होते, लोक म्हणाले आधी सनद परत कबूल कर, आणि राजासमोर बिशप पेटत्या मेणबत्त्या हातात घेऊन उभे राहिले, सनद मोडणाऱ्याला बहिष्काराचा शाप दिला आणि मेणबत्त्या जमिनीवर फेकल्या, विझून धूर करणाऱ्या, की शाप लागलेले असेच नरकात विझोत. हा प्रसंग इथे झाला.

आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला ब्रिटिश लायब्ररीत मिळालं, म्हणजे पुस्तकात आधी वाचलं होतं पण तिथे कागदांसमोर उभं राहून पटलं. इथे एक १२१५ ची प्रत १७३१ च्या आगीत होरपळलेली, तिचा शिक्का वितळून मेणाचा गोळा झालाय. पण टिकलेला मजकूर १२१५ चा नाहीच. १२२५ ला हेन्रीला फ्रान्समधल्या लढाईसाठी कर हवा होता, लोकांच्या चीजवस्तूंच्या पंधराव्या हिश्श्याएवढा, त्यातून सुमारे ४०,००० पौंड जमले, आणि त्या बदल्यात त्याने सनद स्वतःच्या खुशीने दिली असं लिहून दिलं. पैसे घे, सनद दे. यानंतर दर वेळी तेच. १२५३ ला तेच. १२९७ ला हेन्रीचा मुलगा एडवर्ड, आता राजा झालेला, त्याला फ्रान्सशी लढायला पैसे हवे होते, तेव्हा सनद परत कबूल करून वर हुकूम काढावा लागला की ती वर्षातून दोनदा कॅथेड्रलमध्ये लोकांपुढे वाचा. आज इंग्लंडच्या कायद्यात जी मोजकी कलमं जिवंत आहेत ती या १२९७ च्या आवृत्तीतली. ३९ आणि ४० एकत्र होऊन तिथे २९ झालंय. १३५४ ला त्यातला 'स्वतंत्र माणूस' जाऊन कुठल्याही स्थितीतला कोणीही माणूस असं आलं, म्हणजे कुळंसुद्धा, आणि 'ड्यू प्रोसेस', म्हणजे योग्य कायदेशीर प्रक्रिया, हे शब्द पहिल्यांदा आले. आपल्या संविधानसभेने ते शब्द टाळून 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' घेतलं, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे असं सांगून अर्थ पुन्हा तिथेच आणला. कलम २६५ तर सगळ्यांच्या वाचनात असतंच, कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही, जॉनच्या स्क्युटेजचं उत्तर.

रात्री भाच्याला सांगितलं की राजाला जेव्हा जेव्हा पैसे लागले तेव्हा तेव्हा लोकांनी तो जुना कागद काढून समोर ठेवला, म्हणून. तो म्हणाला, "मग मावशी, ज्या राजाला पैसे लागतच नाहीत त्याचं काय?" ताई म्हणाली झोप आता. पण प्रश्न चांगला आहे, जॉनच्या कर्जदार सरदारांपेक्षा अवघड आहे, आणि मी परत आल्यापासून त्यावर वाचतेय.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: रनीमीडला चिखलात चालतील असे बूट घाला, जवळचं स्टेशन एगम. सॉल्झबरी लंडनहून दिवसात होतं. आणि एकच ठिकाण जमणार असेल तर लिंकन करा, दोन्ही सनदा एकत्र तिथेच बघायला मिळतात आणि वर निकोलाचा तट चालून येता येतो.